उपग्रहावरून शेतातला सेंद्रिय कर्ब: किती कळतो, किती नाही

प्रश्न थोडक्यात असा: सुमारे १,२०० हेक्टर शेतजमिनीचा एक गट आहे, काही भाग ओलिताखाली, काही कोरडवाहू. वेगवेगळ्या वर्षी काढलेले ८० माती परीक्षण अहवाल हाताशी आहेत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा फुकट मिळतात आणि मशीन लर्निंगचे तयार प्रोग्रामही मिळतात. मग नवे नमुने न काढता, नुसत्या प्रतिमांवरून आजचा सेंद्रिय कर्ब काढता येईल का? आणि पाच वर्षांनी तो किती वाढला हे त्याच पद्धतीने दाखवता येईल का?

पहिल्या भागाचं उत्तर: बऱ्यापैकी येईल, पण नमुन्यांशिवाय नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर: नाही. मी गेली पंधराएक वर्षं मातीचे नकाशे करतो आहे आणि हा दुसरा भाग मला दर वेळी कोणीतरी विचारतंच. म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचा हिशोब पाठकोऱ्या कागदावर मावतो आणि पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं.

समजा जमिनीत सेंद्रिय कर्ब ०.६० टक्के आहे, स्थूल घनता दर घनसेंटिमीटरला १.४ ग्रॅम आहे आणि आपण ३० सेंटिमीटर खोली धरली. टक्केवारी, घनता आणि खोली यांचा गुणाकार केला की दर हेक्टरी कर्बाचा साठा थेट टनांत मिळतो: ०.६० × १.४ × ३० = २५.२ टन. दगडगोटे असतील तर तेवढा वाटा वजा करायचा. आता तुम्ही आच्छादन पिकं घ्यायला लागलात. जगभरच्या प्रयोगांचं एक एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात आच्छादन पिकांमुळे होणारी वाढ सरासरी वर्षाला हेक्टरी ०.३२ टन निघाली. तीच धरली तर पाच वर्षांत १.६ टन. हे टक्केवारीत उलटं करून बघा: ०.६० चं ०.६४ झालं. म्हणजे किलोभर मातीत ०.४ ग्रॅमची भर.

आता मोजमापाची बाजू. उघड्या शेतजमिनीच्या उपग्रह प्रतिमांवरून बांधलेल्या मॉडेलची चूक, ती प्रामाणिकपणे तपासली तर, किलोमागे साधारण २ ते ५ ग्रॅमच्या घरात असते. जमिनीजमिनीत मुळातच फरक कमी असेल तर १ ग्रॅमच्या आसपास येते. ०.४ ग्रॅमचा बदल या साधनाने मोजायला जाणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलायला बसणं आहे.

यावर एक हुशार आक्षेप येतो: "एका पिक्सेलची चूक मोठी असेल, पण आमच्याकडे लाखभर पिक्सेल आहेत. सरासरी घेतली की चुका एकमेकींना खाऊन टाकतील." चुका स्वतंत्र असत्या तर खाल्ल्या असत्या. त्या स्वतंत्र नसतात. ओलावा, चुनखडी, मातीचा पोत यांमुळे येणारी चूक शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये एकाच दिशेची असते. पाच वर्षांनी घेतलेली प्रतिमा थोड्या ओलसर दिवसाची निघाली तर सगळ्याच्या सगळ्या १,२०० हेक्टरांची चूक एकाच बाजूला झुकते. लाख पिक्सेलची सरासरी घेऊन ती झुकलेली चूक फक्त अधिक ठामपणे सांगता येते.

मुळात उपग्रहाला कर्ब दिसतो तरी कसा? सरळ दिसत नाहीच. सेंद्रिय पदार्थाने माती गडद होते, म्हणून दृश्य प्रकाशात आणि जवळच्या अवरक्त किरणांत परावर्तन कमी होतं. शिवाय सेंद्रिय रेणूंमधल्या कार्बन-हायड्रोजन, नायट्रोजन-हायड्रोजन अशा बंधांची शोषणं असतात. त्यांच्या मूळ खुणा मध्य अवरक्तात असतात, ५०० ते २५०० नॅनोमीटरच्या आपल्या टप्प्यात फक्त त्यांचे क्षीण पडसाद उमटतात. प्रयोगशाळेत माती वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, ठरलेल्या दिव्याखाली वर्णपटमापकाने बघितली की हे पडसाद नीट पकडता येतात. सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून, मध्ये अख्खं वातावरण, खाली ढेकळं आणि त्यांच्या सावल्या, आणि हाताशी सेंटिनेल-२ चे १३ बँड, म्हणजे तरंगलांबीचे टप्पे, तेही रुंद. त्यातले वातावरणासाठीचे वगळले तर कामाचे दहाच. अशा वेळी मॉडेलला जे मिळतं ते प्रामुख्याने "माती किती गडद आहे आणि तिच्या रंगाचा कल कुठे आहे" एवढंच.

आणि माती गडद असण्याची कारणं अनेक आहेत. काळी माती म्हणजे कसदार, म्हणजे कर्ब भरपूर, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण व्हर्टिसॉल प्रकारच्या भेगाळणाऱ्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब कित्येकदा एक टक्क्याच्याही खाली असतो. त्यांचा काळेपणा फुगणाऱ्या चिकणमातीला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थाचा असतो. उलट लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेल्या जमिनीत कर्ब जास्त असू शकतो, तो लाल रंगात झाकून जातो. वरच्या थरातली चुनखडी माती उजळ करते, मग मॉडेल तिथे कर्ब कमी सांगतं. तुमच्या १,२०० हेक्टरांत काळी, लाल आणि चुनखडीची अशा तिन्ही जमिनी असतील तर सगळ्यांना मिळून एकच मॉडेल बांधू नका. निदान मातीचा प्रकार हा एक वेगळा घटक म्हणून मॉडेलमध्ये घाला.

सगळ्यात मोठा खोडसाळ मात्र ओलावा. एकदा एका मोठ्या शेताचा कर्बाचा नकाशा माझ्या समोर आला. शेताच्या मधोमध एक रेघ, आणि रेघेच्या एका बाजूला कर्ब जवळजवळ दीडपट. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. पोत, चढउतार, जुना बांध, सगळं धुंडाळलं, काही जुळेना. शेवटी शेत बघणाऱ्या माणसाला प्रतिमेची तारीख सांगितली, तर तो म्हणाला, "आदल्या दिवशी तुषार संच तिथवरच फिरला होता." कर्ब सरळ रेषेत वाढत नसतो, पाणी मात्र सरळ रेषेत देता येतं. तेव्हापासून मी कुठल्याही नकाशात पहिल्यांदा सरळ रेषा शोधतो.

म्हणून एकाच दिवसाच्या प्रतिमेवर कधी विसंबू नका. तीन-चार वर्षांतल्या सगळ्या प्रतिमा घ्या, त्यातून प्रत्येक पिक्सेलसाठी फक्त उघड्या आणि कोरड्या जमिनीचे दिवस निवडा आणि त्यांचा मध्यक काढा. याला उघड्या मातीची संयुक्त प्रतिमा म्हणतात. निवडीच्या दोन चाळण्या आहेत. पहिली एनडीव्हीआयची, म्हणजे हिरवळ मोजणाऱ्या निर्देशांकाची: ०.२५ ते ०.३० च्या वर असेल तर हिरवं काहीतरी उभं आहे, तो दिवस बाद. दुसरी चाळणी बरेच जण विसरतात. कापणीनंतर शेतात धसकटं आणि काडीकचरा पडलेला असतो, तो हिरवा नसतो, त्यामुळे एनडीव्हीआय त्याला माती समजून सोडून देतो. त्यासाठी लघुतरंग अवरक्ताचे दोन बँड, बी११ आणि बी१२, घ्या. त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एनबीआर२ हा निर्देशांक मिळतो. वाळलेला काडीकचरा आणि ओली माती दोन्ही हा वर ढकलतो, म्हणून तो कमी असलेलेच दिवस ठेवायचे. उंबरठा म्हणून ०.०५ ते ०.०७५ असे आकडे वापरात आहेत, पण ते आंधळेपणाने उचलू नका. तुमच्या दोन-तीन ओळखीच्या शेतांची नांगरटीची तारीख विचारून घ्या, त्या दिवसाच्या आसपासचा निर्देशांक बघा आणि उंबरठा त्यावरून ठरवा. नांगरट होऊन, ढेकळं फुटून, वरची माती सुकून पांढुरकी दिसायला लागते तो मोजकाच काळ आपल्या कामाचा. वाफसा असतानाची प्रतिमासुद्धा माझ्या मते ओलीच धरावी. शेतकऱ्याला वाफसा चांगला, उपग्रहाला नाही.

इथेच माझी स्वतःची एक चूक सांगून टाकतो, कारण ती अजूनही लोकांकडून होताना दिसते. सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची पद्धत २५ जानेवारी २०२२ पासून बदलली. त्यानंतरच्या प्रतिमांत प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १,००० मिळवलेले असतात, म्हणजे परावर्तन काढताना आधी १,००० वजा करून मग १०,००० ने भागायचं. आधीच्या प्रतिमांत नुसता भागाकार. मी दोन्ही काळांतल्या प्रतिमा एकत्र करताना वजाबाकी विसरलो. परिणाम असा की २०२२ नंतर सगळीकडे माती ०.१ ने उजळ दिसायला लागली. गडद मातीचं लाल बँडमधलं परावर्तनच मुळात ०.१ च्या आसपास असतं, म्हणजे ते जवळपास दुप्पट झालं! मॉडेलने इमानदारीत सांगितलं की अख्ख्या प्रदेशातला कर्ब एका हिवाळ्यात कोसळला. आकडे इतके वेडेवाकडे होते म्हणून शंका आली. चूक याच्या दहाव्या हिश्शाएवढी असती तर मी ती "बदल" म्हणून अहवालात लिहिली असती. काही ऑनलाइन संग्रहांत ही दुरुस्ती आधीच केलेली असते. तुमचा संग्रह कोणता आहे ते तपासा, दोनदा वजाबाकी करणारेही मी पाहिले आहेत.

जमीन उघडी पडतच नसेल तर? फळबागा, बहुवार्षिक चारा आणि बिननांगरटीची शेती इथे ही पद्धत चालत नाही. त्यातली बिननांगरटीची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. उपग्रहाला मातीचा वरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पापुद्राच दिसतो. नांगरलेल्या शेतात वरची-खालची माती दर हंगामात एकमेकांत मिसळते, म्हणून तो पापुद्रा नांगराच्या खोलीपर्यंतच्या मातीचा बरा प्रतिनिधी ठरतो. नांगर थांबला की सेंद्रिय पदार्थ वरच साचतो, पहिल्या पाच सेंटिमीटरमध्ये कर्ब वाढतो आणि खाली तसाच राहतो, कधी घटतोही. आता समजा अशा शेताची उघडी प्रतिमा मिळालीच, तर नांगरलेल्या शेतांवर शिकलेलं मॉडेल तिथे ३० सेंटिमीटरचा साठा फुगवून सांगेल. कर्ब वाढवण्यासाठी लोक नेमकं जे करतात, तेच या पद्धतीचा पाया काढून घेतं. या विसंगतीवर मला अजून कोणी समाधानकारक तोडगा दाखवलेला नाही.

अशा ठिकाणी अप्रत्यक्ष मार्ग उरतो: उंची, उतार, पाणी साचण्याची जागा, पाऊस, तापमान, वर्षानुवर्षांची हिरवळ अशा घटकांवरून कर्बाचा अंदाज बांधणं. मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये माती ही हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ यांची निर्मिती आहे अशी मांडणी केली. मॅकब्रॅटनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिला नकाशे करण्याच्या सूत्राचं रूप दिलं. मोठ्या प्रदेशासाठी हे चांगलं चालतं. शेतापुरतं बोलायचं तर एक इशारा: जास्त हिरवं पीक म्हणजे जास्त कर्ब नव्हे. कित्येकदा ते जास्त पाणी आणि जास्त नत्र असतं.

आता तुमचे ८० अहवाल. त्यांत मला तीन गोष्टी बघाव्या लागतील. जागा: अहवालावर शेताचं नाव असतं, अक्षांश-रेखांश बहुधा नसतात. अनेक ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना केलेला असेल तर तो आकडा एका पिक्सेलचा नाहीच, पूर्ण शेताच्या सरासरीशी जुळवावा लागेल. खोली: सुपीकता तपासणीसाठी १५ किंवा २० सेंटिमीटरपर्यंतची माती घेण्याची रीत आहे, साठ्याचा हिशोब मात्र ३० सेंटिमीटरचा मागतात. आणि पद्धत. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची डायक्रोमेटची पद्धत सगळा सेंद्रिय कर्ब जाळत नाही. सरासरी ७६ टक्के जळतो असं धरून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. हा गुणक मातीगणिक बदलतो, आणि काही प्रयोगशाळा गुणतात, काही गुणत नाहीत. सुक्या ज्वलनाच्या यंत्रात सगळाच कर्ब जळतो, पण चुनखडीतलाही, म्हणून आम्लाने चुनखडी आधी काढावी लागते किंवा वेगळी मोजून वजा करावी लागते. काही अहवालांत कर्बाऐवजी सेंद्रिय पदार्थाचा आकडा असतो, म्हणजे कर्बाच्या १.७२४ पट. या सगळ्याची सरमिसळ झालेले ८० आकडे मॉडेलला चारले तर ते प्रयोगशाळांमधला फरक शिकेल, जमिनींमधला नाही. शिवाय जुन्या अहवालाची तारीख आणि प्रतिमेची तारीख यांत सात-आठ वर्षांचं अंतर असेल तर मध्ये काय काय झालं कोण जाणे. माझा अंदाज, ८० पैकी २५-३० कामाला येतील. तेवढ्यांवर अंतिम नकाशा होत नाही, पण नवे नमुने कुठे काढायचे हे ठरवण्यासाठी ते पुरतात.

नवे नमुने काढायचेच आहेत, तर ते नीट काढा. बी११ आणि बी१२ चा पिक्सेल २० मीटरचा आहे, म्हणून बांधापासून, झाडाच्या सावलीपासून, खताच्या जुन्या ढिगाच्या जागेपासून किमान ३० मीटर आत या. ठरलेल्या बिंदूभोवती पाच-सहा मीटरच्या आत पाच ठिकाणी गिरमिट घाला आणि ती माती एकत्र करून एक नमुना करा. त्याच जागी ठरावीक आकाराची धातूची कडी ठोकून न विस्कटलेली माती घ्या, घनतेसाठी. घनतेचं काम कंटाळवाणं असतं म्हणून लोक ते टाळतात आणि पुस्तकातला आकडा वापरतात. त्याचं काय होतं ते थोड्या वेळाने सांगतो.

मॉडेल कोणतं, याबद्दल मी फार बोलणार नाही. रँडम फॉरेस्ट घ्या, क्युबिस्ट घ्या, पार्शल लीस्ट स्क्वेअर्स घ्या, शे-दोनशे नमुन्यांवर त्यांच्यातला फरक नमुन्यांच्या गुणवत्तेतल्या फरकापुढे किरकोळ असतो. तपासणी कशी केली यावर मात्र बोलतो, कारण फसवणूक तिथे होते, बहुतेक वेळा स्वतःचीच. नमुन्यांचे दहा यादृच्छिक गट पाडून आळीपाळीने तपासलं आणि एकाच शेतातले दोन नमुने एक शिकवण्यात आणि एक परीक्षेत गेले, तर मॉडेलने उत्तरपत्रिका आधीच पाहिलेली असते. अख्खं शेत बाहेर ठेवून तपासा. आर-वर्ग (एकूण फरकापैकी मॉडेलने समजावलेला वाटा) ०.८ चा ०.४ वर आला तर निराश होऊ नका, खरा आकडा तोच होता. यालाही दुसरी बाजू आहे: शेतं फार दूरदूरची बाहेर ठेवली तर चूक वाजवीपेक्षा मोठी दिसते. नकाशाची खरी अचूकता सांगायची तर शेवटी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जागी स्वतंत्र नमुने काढण्याला पर्याय नाही.

आणि एक छोटी चाचणी: नमुन्यांतल्या कर्बाचा पसारा आणि नकाशातल्या कर्बाचा पसारा शेजारी ठेवून बघा. रँडम फॉरेस्ट टोकाच्या किमती मधल्याकडे ओढतं, आणि शिकवलेल्या कमाल किमतीच्या पलीकडे ते जाऊच शकत नाही. नमुने ०.३ ते १.४ टक्के आणि नकाशा ०.५ ते ०.९ असं चित्र हमखास दिसतं. म्हणजे सर्वात गरीब आणि सर्वात श्रीमंत जमिनींबद्दल, जिथे माहिती सर्वात जास्त हवी असते, तिथे नकाशा सर्वात जास्त चुकतो.

इतकं सगळं वाचून "मग उपग्रह हवाच कशाला" असं वाटलं असेल. त्याचंही गणित करून दाखवतो, आणि हाच भाग तुमच्या पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. समजा सगळ्या १,२०० हेक्टरांत कर्बाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ०.१५ टक्के आहे. ०.०४ टक्क्याची वाढ पकडायची आहे, नेहमीची ९५ टक्के खात्री आणि ती वाढ खरोखर असेल तर सापडण्याची ८० टक्के शक्यता ठेवून. दोन्ही फेऱ्यांत स्वतंत्र जागी नमुने काढले तर सूत्राप्रमाणे दर फेरीला सुमारे २२० नमुने लागतात. आता उपग्रहाच्या नकाशावरून जमिनीचे जास्त, मध्यम, कमी कर्बाचे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात वेगळे नमुने काढले. पट्ट्यांच्या आतलं विचलन ०.१० वर आलं, तर तेच काम ९८ नमुन्यांत होतं. विचलन ०.१५ वरून ०.१० वर आणायला पट्ट्यांनी फक्त ५५ टक्के फरक समजावला तरी पुरतं. बदल मोजायला निरुपयोगी असलेला तोच सुमार नकाशा इथे निम्म्याहून जास्त खड्डे वाचवतो. आणि नकाशा चुकला तरी निष्कर्ष चुकत नाही, फक्त बचत कमी होते, कारण अंतिम आकडा नमुन्यांवरून येतो. पुन्हा त्याच त्याच जागी नमुने काढले तर गरज आणखी घटते, मात्र जागा नेमकी सापडली पाहिजे. मोबाइलच्या जीपीएसच्या पाच-दहा मीटरवर विसंबू नका.

आता घनतेची राहिलेली गोष्ट. नांगरट बंद केली की जमीन पहिली काही वर्षं बहुधा दबते. कर्ब ०.६० टक्केच राहिला आणि घनता १.४ ची १.५ झाली, तर ३० सेंटिमीटरचा साठा होतो ०.६० × १.५ × ३० = २७.० टन. २५.२ वरून २७.०, म्हणजे १.८ टनांची "वाढ", आच्छादन पिकांच्या पाच वर्षांच्या खऱ्या वाढीपेक्षाही जास्त, आणि मातीत कर्बाचा एक कणसुद्धा वाढलेला नाही! फक्त तेवढ्याच खोलीत जास्त माती मावली. उपाय म्हणजे समान खोलीऐवजी समान वजनाची माती तोलायची: पहिल्या फेरीत हेक्टरी ४,२०० टन माती मोजली, दुसऱ्या फेरीतही तितकीच मोजायची, म्हणजे या उदाहरणात २८ सेंटिमीटरपर्यंतच. उपग्रहाला घनता दिसत नाही, कधीच नाही. जो कोणी तुम्हाला निव्वळ प्रतिमांवरून हेक्टरी टनांत वाढ सांगेल, त्याला पहिला प्रश्न विचारा की घनता कुठून आणली.

बदलाच्या बाबतीत उपग्रह एका वेगळ्या वाटेने उपयोगी पडतो. रॉथसी या मॉडेलसारखी प्रक्रियेवर आधारलेली मॉडेल्स दर महिन्याचं तापमान, पाऊस, बाष्पीभवन, चिकणमातीचं प्रमाण आणि मातीत पडणारा सेंद्रिय पदार्थ घेऊन कर्ब कसा कुजतो आणि किती टिकतो याचा हिशोब चालवतात. रॉथसीमागे इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या दीर्घ प्रयोगांची पुण्याई आहे, त्यातला ब्रॉडबाल्क प्रयोग १८४३ पासून सुरू आहे. या मॉडेलला सांगावं लागतं की शेत केव्हा झाकलेलं होतं, पीक किती जोमदार होतं, आच्छादन पीक खरंच उगवलं की फक्त कागदावर होतं. हे उपग्रह फार चांगलं सांगतो, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी. तेव्हा बदलासाठी प्रतिमा घ्यायच्या त्या कर्ब मोजायला नाही, शेतात काय केलं गेलं याची नोंद ठेवायला. मॉडेलचा आकडा मग पाच वर्षांनी नमुन्यांशी ताडून बघायचा.

हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे शेकडो अरुंद बँडच्या, प्रतिमा घ्याव्यात का असंही तुम्ही पुढे विचारालच. इटलीचा प्रिस्मा २०१९ मध्ये गेला, जर्मनीचा एनमॅप २०२२ मध्ये. दोन्हींचे पिक्सेल ३० मीटरचे, बँड दोनशेच्या वर. त्यांचा खरा फायदा कर्ब जास्त दिसण्यात नाही, भेसळ ओळखण्यात आहे: २१०० नॅनोमीटरला काडीकचऱ्याची खूण, २२०० ला चिकणमातीची, २३४० च्या आसपास चुनखडीची. चुनखडीच्या जमिनी जास्त असतील तर एकदोन प्रतिमा जरूर बघा. पण त्या दर पाच दिवसांनी मिळत नाहीत, आणि कोरडी उघडी जमीन आणि उपग्रहाची फेरी यांची गाठ पडणं नशिबाचा भाग आहे. रडारला कर्ब दिसत नाही, त्याला ओलावा आणि खडबडीतपणा दिसतो, ओले दिवस वगळायला मात्र सेंटिनेल-१ कामी येतो. आणि सॉइलग्रिड्सचा जागतिक नकाशा २५० मीटरच्या पिक्सेलचा आहे. एका पिक्सेलमध्ये सव्वासहा हेक्टर जातात, शेताच्या पातळीवर तो वापरू नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा: जुन्या अहवालांतले जागा माहीत असलेले वेगळे काढा, संयुक्त प्रतिमा करा, त्या दोन्हींवरून कच्चा नकाशा आणि पट्टे, मग पट्ट्यांत चिठ्ठ्या टाकून शंभर-सव्वाशे जागा, प्रत्येक ठिकाणी कर्ब आणि घनता, सगळं एकाच प्रयोगशाळेत. पाच वर्षांनी पुन्हा तेच. पहिल्या फेरीतली प्रत्येक नमुन्यातली दोनशे-तीनशे ग्रॅम माती सावलीत वाळवून, हवाबंद डबीत, आत आणि बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी लावून जपून ठेवा. पाच वर्षांनी यंत्र बदललेलं असेल, रसायन बदललेलं असेल, तपासणारा माणूसही बदललेला असेल. तेव्हा जुनी आणि नवी माती एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, आलटूनपालटून तपासायला द्या, आणि कुठली डबी जुनी हे तपासणाऱ्याला सांगू नका.